इंग्रजीच्या लहानपणाची वाटणी

मी, गुणवंत दिनकर हर्डीकर, वय वर्षे बहात्तर, निवृत्त इंग्रजी शिक्षक, मूळचा सांगलीचा, सध्या राहणार इंग्लंड क्लस्टर, इंटरनॅशनल सिटी, दुबई, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर असताना, राजीखुशीने आणि स्वतःच्या हस्ताक्षरात लिहून ठेवतो. माझ्यावर कोणाचंही दडपण नाही. पत्नी सौ. मुग्धा हिचं दडपण लग्नापासून आहेच, पण ती आत्ता ड्रॅगन मार्टला पडदे बघायला गेली आहे. प्रकृती ठणठणीत आहे, गुडघे वगळून.

पत्त्याबद्दल खुलासा. इथे इमारतींच्या तुकड्यांना देशांची नावं दिली आहेत. आमच्या पलीकडे पर्शिया आहे, आणि वाण्याकडे जायचं तर मोरोक्को ओलांडावा लागतो. मी जन्मभर इंग्रजी शिकवली, पण खऱ्या इंग्लंडने दोनदा व्हिसा नाकारला. तेव्हा निदान पत्त्यात तरी असू दे, म्हणून भाडं जास्त पडूनही हाच तुकडा धरला.

कलम १. याआधीची माझी सर्व मृत्युपत्रं या दस्ताने रद्द समजावीत. ती बहुतेक रागाच्या भरात लिहिलेली होती. हेही रागाच्या भरातच लिहितो आहे, पण या वेळी राग विचारपूर्वक आला आहे.

कलम २. भाषेविषयी. माझा मुलगा चि. शार्दूल याचं म्हणणं, “बाबा, इथे मराठी विल कोण वाचणार? इंग्लिश नाहीतर अरेबिक लागतं. टायपिंग सेंटरमधून रेडी फॉरमॅट आणतो, तुम्ही फक्त नावं भरा.”

नावं भरा! बाप मरतोय का पार्किंगचा पास काढतोय?

माझं घर सांगलीत आहे आणि सांगलीच्या कचेरीत मराठी चालते. इथल्या बँकेपुरता एक कागद इंग्रजीत करण्याची शार्दूलला परवानगी आहे. इंग्रजीवर तेवढी दया पुरे. शिवाय माझ्या विषयाचा दाखला आहे. पाच-सहाशे वर्षांपूर्वी खुद्द इंग्लंडात इंग्रजीची काय पत होती? विद्वान लिहिणार लॅटिन, वकील भांडणार मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये. इंग्रजी कोणाची, तर आयांची, मोलकरणींची आणि भाजीवाल्यांची. मृत्युपत्रसुद्धा लॅटिनमध्ये असलं तरच त्याला वजन. मग हळूहळू साध्या माणसांनी आपापल्या बोलीत लिहायला सुरुवात केली की माझी तांब्याची कढई धाकटीला, पांघरूण थोरलीला. कढईसाठी भावंडं भांडली, भांडण कोर्टात गेलं, आणि कोर्टाला इंग्रजी वाचावी लागली. भाषा अशी मोठी होते. आमच्या घरात आज मराठीची गत त्या काळच्या इंग्रजीसारखी आहे. स्वयंपाकघरात चालते, हॉलमध्ये चालत नाही. म्हणून हे मृत्युपत्र मराठीत.

कलम ३. सांगलीचा फ्लॅट आणि दोन्हीकडची शिल्लक मुग्धाला. तिच्या पश्चात शार्दूलला. यात वाद नाही, म्हणून अधिक लिहीत नाही. मी दुबईत असताना गेलोच तर पुढचं सगळं इथेच उरकावं. विमानाने सांगलीला पाठवू नये. जिवंतपणी इकॉनॉमीत गुडघे मोडले तेवढे बस झाले. सूनबाई मैथिली हिला पुरणयंत्र द्यावं. घरात अस्सल मराठी आता तिच्याच तोंडून ऐकू येते, विशेषतः शार्दूल ओला टॉवेल बिछान्यावर टाकतो तेव्हा.

कलम ४. हत्यारं. माझ्या व्यवसायाचं हत्यार म्हणजे लाल पेन. निवृत्त झालो तरी शर्टाच्या खिशात एक असतंच. त्याने मी हॉटेलांची मेन्यूकार्डं, इमारतीच्या नोटिसा आणि एकदा पोलिसाने दिलेली पावती तपासली आहे. ही पेनं माझ्याबरोबर जाळावीत. प्लास्टिक चालत नसेल तर विचार करू.

कलम ५. जुने हिशेब. वरच्या मजल्यावर राहणारे श्री. सुजीत वाघचौरे हे सज्जन गृहस्थ आहेत, त्यांच्या गाडीतून मी कैक वेळा फुकट गेलो आहे. तरीही पुढील गोष्ट लिहून ठेवणं माझं कर्तव्य आहे. आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवात ‘इंग्रजीचा भाग्योदय’ या विषयावर माझं व्याख्यान ठरलं होतं. सुजीत सूत्रसंचालक. मी सोळाव्या शतकापर्यंत पोचलो तोच त्यांनी चिठ्ठी पाठवली की सर, जेवण गार होतंय. मी चिठ्ठीतल्या चुका लाल पेनाने दुरुस्त करून ती परत पाठवली. त्यांना वाटलं, मी होकार दिला. त्यांनी माइक बंद केला. मी पुढचं शतक माइकशिवाय सांगितलं. सतराव्या शतकाला माझ्यासमोर फक्त एक ढोलवाला उरला होता, आणि तोही ढोल सुटत नव्हता म्हणून. जाता जाता तो म्हणाला, “काका, पुढे काय झालं?” एवढ्या मंडळात तोच एक जिज्ञासू. त्याचं नाव मला कळलं नाही, नाहीतर त्याला काहीतरी दिलं असतं.

सुजीत यांनी हे कलम मी लिहीत असताना खांद्यावरून वाचलं आणि “सर, हे काढा ना” अशी विनंती केली. काढलेलं नाही.

कलम ६. आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी हा सगळा खटाटोप.

स्टीलच्या कपाटात मधल्या कप्प्यात तांबड्या फडक्यात बांधलेलं एक हस्तलिखित आहे. नाव, ‘इंग्रजी मोठी कशी झाली’. इथली दुबईतली शाळा सुटल्यावर, वह्या तपासून झाल्यावर, तीस वर्षं थोडं थोडं करत लिहिलं. एका गावंढळ बेटावरच्या भाषेने लॅटिनच्या सावलीतून बाहेर कसं यायचं ठरवलं, छापखानेवाल्यांनी तिला एका वळणावर कशी आणली, भाषांतरकारांनी परके शब्द पोत्याने कसे आणून ओतले, शुद्धीवाल्यांनी त्यावर कसा गळा काढला, शाळामास्तरांनी तिला नियम कसे लावले, हे सगळं त्यात आहे. पुण्याच्या एका प्रकाशकाने कळवलं, “विषय उत्तम आहे, पण इंग्रजीत रस असणारे मराठी वाचत नाहीत आणि मराठी वाचणारे इंग्रजीवर रागावलेले आहेत.”

वाचक एकच. श्री. खैरुद्दीन अब्दुल गफूर परकार, मूळचे दापोलीकडचे, दुबईतल्याच देरा भागात धो बोटींच्या, म्हणजे लाकडी मालवाहू गलबतांच्या, धक्क्याजवळ दोरखंडाचं आणि बोटीच्या सामानाचं दुकान. मराठी शाळेत मॅट्रिक झालेला माणूस. दर शुक्रवारी जुम्म्यानंतर बायको मरियमबींनी दिलेली सांदणं घेऊन येतो, गादीवर आडवा होतो, हस्तलिखित छातीवर ठेवतो, वाचतो आणि पोट धरून हसतो. मग उठून भांडतो. त्याचं म्हणणं, “मास्तर, तुझे छापखाने नि तुझे मास्तर ऱ्हाऊ दे बाजूला. भाषा मोठी केली जहाजांनी. जिथे माल उतरतो तिथे भाषा उतरते. माझ्या धक्क्यावर येऊन बघ, बलुची, इराणी, मल्याळी, सगळे हिंदी बोलतात. कुठल्या मास्तराने शिकवली त्यांना?” मी म्हणतो, जहाजं डचांकडेही होती. तो म्हणतो, “खलास, चहा टाक.” हा वाद आमचा तीस वर्षं चालू आहे.

पण खैरुद्दीन माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. त्याच्यानंतर कोण? शार्दूल मराठी फर्डी बोलतो, पण वाचायला बसला की दर ओळीला सिग्नल लागल्यासारखा थांबतो. नात मिहिका, वय सोळा, शाळेत हिंदी असल्याने तिला अक्षरं येतात. मराठी तिला सगळी कळते, पण उत्तर इंग्रजीत. मी “पाणी आण गं” म्हटलं की पाणी येतं, पण “हिअर यू गो, आजोबा” असं म्हणत येतं. तेव्हा माझ्यामागे या हस्तलिखिताला वाचणारं कोणीही उरणार नाही, ही माझी एकमेव खरी काळजी आहे. बाकी सगळं बँकेत आहे.

या काळजीत शार्दूलने तेल ओतलं. माझ्या बहात्तराव्या वाढदिवसाला त्याने एक जाडजूड पुस्तक हातात ठेवलं. कापडी बांधणी, सोनेरी अक्षरांत माझं नाव. “सरप्राइज!” या पठ्ठ्याने आम्ही सांगलीला गेलो असताना सबंध हस्तलिखिताचे मोबाइलवर फोटो काढले, ते कुठल्याशा ॲपमधून इंग्रजीत केले आणि छापून आणले. “बाबा, आता जगात कोणीही वाचू शकेल!” मुग्धाने खर्च विचारला, दिरहमचे रुपये केले आणि “अगं बाई!” म्हणून खाली बसली.

इंग्रजी कशी मोठी झाली हे मी तीस वर्षं खपून मराठीत लिहिलं, आणि माझ्या पोराने ते पुन्हा इंग्रजीलाच दिलं! तिला काय कमी होतं? मी बेडरूममध्ये जाऊन कडी लावली. बाहेरून मुग्धा, “अहो, केक कापायचाय!” मी आतून, “लॅटिनमध्ये कापा!” पोराचा चेहरा पडला होता असं ती नंतर म्हणाली. मी पाहिला नाही, पण मला ते लागलं. तो प्रेमानेच करायला गेला होता हे मला कळतं. कळतं म्हणूनच जास्त चीड येते.

सबब, या हस्तलिखिताबाबत माझी आज्ञा अशी की, माझ्या कुटुंबातली जी व्यक्ती त्यातलं कोणतंही एक प्रकरण मोठ्याने, न अडखळता व एकही चूक न करता वाचून दाखवील, तिलाच ते मिळावं. असं कोणी न निघाल्यास ते लाल पेनांसह माझ्याबरोबर जाळावं. कागद असल्याने हरकत येऊ नये.

कलम ७. मागील कलम लिहिल्यावर हा दस्त काही दिवस तसाच पडून होता, कारण मिहिका शार्दूलच्या घरून आमच्याकडे राहायला आली आणि टेबल तिने घेतलं. ती शार्दूलने छापलेलं ते इंग्रजी पुस्तक घेऊन आली होती. आजोबांचं पुस्तक म्हणून वाचत होती, बिचारी. तिसऱ्या दिवशी तिने विचारलं, “आजोबा, इज धिस अ कुकबुक?”

“काय?”

तिने पान दाखवलं. मी लिहिलं होतं की त्या काळी इंग्रजीला कोणी हिंग लावूनही विचारत नव्हतं. ॲपने छापलं होतं की विद्वानांनी इंग्रजीला हिंग लावून कोणताही प्रश्न विचारला नाही. मी लिहिलं होतं की राजदरबारात इंग्रजीची डाळ शिजेना. त्याचं झालं होतं की राजवाड्यात इंग्रजांची मसूर कच्ची राहिली. पुढे लॅटिन पंडितांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या, त्याही शब्दशः. मिहिकाने वहीत नीट टिपून ठेवलं होतं की सोळाव्या शतकातल्या इंग्लंडात भारतीय मसाल्यांचा तुटवडा हे भाषेच्या प्रगतीआड येणारं मुख्य कारण होतं.

मी कपाळाला हात लावला. तेवढ्यात शुक्रवार असल्याने खैरुद्दीन आला, नेहमीप्रमाणे आडवा झाला, मूळ हस्तलिखित उघडलं आणि थोड्या वेळाने गादी हलेपर्यंत हसू लागला. मिहिका त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “व्हाय इज ही लाफिंग? इट्स द सेम बुक. माइन इजन्ट फनी ॲट ऑल.”

“पोरी, तुझ्यात हिंग आहे, माझ्यात फोडणी आहे,” खैरुद्दीन म्हणाला.

“गिव्ह मी दॅट वन.”

तिने ते मागितलं. तीस वर्षांत माझ्या घरातल्या माणसाने ते पहिल्यांदा मागितलं. मी शांतपणे “घे” म्हणालो. मग चष्मा काढून पुसत बसलो.

ती मोठ्याने वाचायला लागली. पहिल्याच ओळीत हिंदी वळणाचे दोन उच्चार केले. मी दुरुस्त केले. तिसऱ्या ओळीत एक शब्द गिळला. मी थांबवून परत म्हणायला लावलं. चौथ्या ओळीला माझं लाल पेन आपोआप बाहेर आलं. पाचव्या ओळीला मिहिकाने हस्तलिखित मिटलं, “इट्स ओके, आय'ल रीड माइन,” म्हणाली आणि उठली.

खैरुद्दीन ताडकन उठून बसला. त्याला इतका चिडलेला मी धक्क्यावर माल भिजला तेव्हाही पाहिला नव्हता.

“मास्तर, तूच लिवलंयस ना यात, की शे-दोनशे वर्षं इंग्रज लोक स्वतःचं नाव आज एक तऱ्हेने नि उद्या दुसऱ्या तऱ्हेने लिहायचे? राणीपासून न्हाव्यापर्यंत? तेव्हा त्यांच्या उरावर लाल पेन घेऊन कोण बसला होता? कोणी नाय! म्हणून भाषा वाढली. आधी वाढली, मग मास्तर आले. तू पोरीला उगवायच्या आधीच छाटतोस!”

“प्रमाणीकरणाचं महत्त्व...”

“महत्त्व गेलं खड्ड्यात! दे ते पेन इकडे.”

आणि त्याने माझ्या हातातलं पेन काढून घेतलं, ड्रॉवरमधली बाकीची काढली, सगळी आपल्या खिशात कोंबली आणि म्हणाला की दुकानात दोरखंडाच्या गुंडाळ्यांवर खुणा करायला बरी आहेत. मुग्धा स्वयंपाकघरातून म्हणाली, “खैरुद्दीनभाई, हे तुम्ही वीस वर्षांपूर्वीच करायला हवं होतं.” माझ्या घरात माझी बाजू घेणारं कोणी नाही, याची या दस्तात नोंद असावी.

कलम ८. कलम ४ आणि कलम ६ मधील जाळण्याविषयीच्या सर्व आज्ञा मी रद्द करत आहे. माझं चुकलं असा याचा अर्थ कोणीही, विशेषतः साक्षीदार क्रमांक एक यांनी, काढू नये. पेनं राहिलीच नाहीत आणि आगीचा विमा महाग आहे, एवढंच.

हस्तलिखित मी मिहिकाला देत आहे. तिने ते अडखळत वाचावं, चुकत वाचावं, हिंदी वळणाने वाचावं, मध्ये इंग्रजीत “व्हॉट?” म्हणावं. समासात तिला वाटेल त्या भाषेत लिहावं. अर्थ लागला नाही तर आईला विचारावं, ॲपला विचारू नये. तिने वाचत असताना मी हयात असेन तर मी तोंड उघडणार नाही. हे कलम पाळणं माझ्यासाठी सर्वांत अवघड आहे, म्हणून तेच सर्वांत बंधनकारक समजावं.

शार्दूलने छापलेलं इंग्रजी पुस्तक त्यालाच परत देत आहे, माझ्या सहीनिशी. आत लिहिलं आहे, “चि. शार्दूल यास, इतक्या मेहनतीबद्दल.” यातला मेहनत हा शब्द मी मनापासून लिहिला आहे.

खैरुद्दीनला तो वाद देत आहे. वाद ही मालमत्ता नसल्याने त्याने साक्षीदार होण्यास अडचण नसावी. मात्र माझ्या पश्चात त्याने “मी जिंकलो” असं धक्क्यावर सांगत फिरू नये. एकट्याने वाद घातलाच तर माझी बाजूही त्यानेच मांडावी, आणि ती नीट मांडावी. त्याला ती माझ्याइतकीच पाठ आहे. एवढा चांगला वैरी मला दुसरा मिळाला नाही, हे मी त्याला तोंडावर कधी सांगणार नाही, म्हणून इथे लिहितो.

वाचून दाखवल्याची नोंद. सही करण्यापूर्वी दस्त साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचावा असं ठरलं. खैरुद्दीन चष्मा देऱ्यात विसरला होता. सुजीत म्हणाले, “मी वाचतो, फक्त कलम पाच गाळून.” तेव्हा मिहिका “आय'ल डू इट” म्हणाली आणि कागद घेऊन बसली. शार्दूल दाराशी उभा होता.

दुपारी सुरू झालं ते दोनदा चहा होऊन अजान झाली तरी चालू होतं. ती अडखळली. शब्द गिळले. ‘प्रकृती’ला तिने काय केलं ते मी लिहीत नाही. माझा हात दोनदा खिशाकडे गेला, खिसा रिकामा होता. मुग्धाने माझा तो हात धरून ठेवला.

कलम पाचच्या मध्यावर मिहिका थांबली. मला वाटलं, अडली. मी तोंड उघडलं, कलम आठ आठवलं, मिटलं. तिने कागद तोंडापुढे धरला होता आणि कागद हलत होता. ती हसत होती. ढोलवाल्यापाशी पोचली होती. कोणी समजावून सांगितलं नव्हतं. खैरुद्दीनला अजून कळायचं होतं, तिच्यानंतर तो हसला, मग शार्दूल, आणि शेवटी सुजीतसुद्धा.

“थांबा, थांबा, परत वाचते,” मिहिका म्हणाली.

मराठीत. मी काहीही दुरुस्त केलं नाही. दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं.

वरील सर्व मजकूर मला वाचून दाखवला, मी ऐकला, समजला, मान्य आहे.

सही: गुणवंत दिनकर हर्डीकर

साक्षीदार १: खैरुद्दीन अब्दुल गफूर परकार. (जहाजांनीच मोठी केली. सही लाल शाईत आहे, दुसरं पेन जवळ नव्हतं.)

साक्षीदार २: सुजीत शशिकांत वाघचौरे. (कलम ५ अमान्य, बाकी मान्य. जेवण खरंच गार होत होतं.)

वाचणार: मिहिका शार्दूल हर्डीकर

स्थळ: इंग्लंड, मोरोक्कोच्या अलीकडे, दुबई
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५, शुक्रवार